चौघांनी मिळून रॅप सिंगल आणि व्हिडिओ काढायचाय? मराठवाड्यातल्या नवीन पोरापोरींसाठी पहिल्यापासून शेवटपर्यंत

गेल्या वर्षी आम्ही चौघांनी मिळून एक रॅप गाणं काढलं आणि त्याचा व्हिडिओपण केला. मी लातूरचा, दुसरा परभणीचा, तिसरा नांदेडचा आणि हुक, म्हणजे गाण्यात परत परत येणारा भाग, म्हणणारी बीडची. विषय पाणी. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं तेव्हा मी शाळेत होतो, आई रात्री घागरी घेऊन टँकरच्या रांगेत उभी असायची, ते डोक्यात बसलेलं होतं. त्यावर गाणं करायचं हे ठरायला दहा मिनिटं लागली, लिहायला तीन आठवडे, आणि बाहेर यायला सात महिने. मधला सगळा वेळ कागदात, चुकीच्या फाईलीत, बीटच्या (रॅपच्या मागं वाजणाऱ्या संगीताच्या) लायसनमध्ये आणि एका भांडणात गेला. पुण्या-मुंबईत कुणीतरी ओळखीचा असतो जो ह्यातनं आधी गेलेला असतो, आपल्याकडं विचारायलाच माणूस नाही, म्हणून हे सगळं लिहून ठेवतोय. तुमचे निम्मे महिने वाचले तरी बास.

आधी हे जमवून ठेवा

- सगळ्यांचं आधार, पॅन आणि बँक पासबुकच्या पहिल्या पानाचा फोटो
- बीटच्या लायसनची पीडीएफ आणि पैसे दिल्याचा पुरावा
- हिश्श्याचा करार, सगळ्यांच्या सह्यांचा
- लोकेशनची लेखी परवानगी, व्हिडिओत दिसणाऱ्यांची संमती, आणि १८ च्या आतलं कुणी असेल तर आईवडिलांची सही
- एक कंडेन्सर माइक, ऑडिओ इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा), कान झाकणारा हेडफोन, पॉप फिल्टर (माइकपुढची जाळी), तीन-चार जाड गोधड्या
- दोन हार्ड डिस्क. एक नाही, दोन.

१. माणसं आणि कामं ठरवा

चार रॅपर गोळा करणं सोपंय. पण गाणं म्हणजे फक्त रॅप नाही, फोन कोण करणार, पैशाचा हिशोब कोण ठेवणार, फाईली कुणाकडं राहणार हे पहिल्याच दिवशी नावानिशी ठरवा. आमच्यात नांदेडवाला बँकेत कामाला आहे म्हणून हिशोब त्याच्याकडं दिला आणि त्यानं रुपया न् रुपया एका शीटमध्ये टाकला, चहाचेसुद्धा, आणि ती शीट सगळ्यांना कधीही बघता येत होती. त्यामुळं खर्चावरनं आमच्यात एकदाही आवाज चढला नाही. भांडण झालं ते हिश्श्यावरनं, पुढं सांगतो.

आणि भाषा. प्रत्येकानं आपल्या घरात बोलतात तीच भाषा वापरा. आमच्याकडं "काय करूलालाव" म्हणतात, बीड-परभणीकडं "काय करायलाव", संभाजीनगरचा पोरगा असेल तर त्याच्या बोलण्यात दखनी येणारच. पहिल्या ड्राफ्टला आम्ही सगळ्यांनी पुस्तकी मराठी लिहिली होती आणि चौघं एकच माणूस असल्यासारखे वाटत होतो. "करतोय" मध्ये चार अक्षरं येतात, "करूलालाव" मध्ये पाच, आणि मधले दोन "ला" आपोआप आपटतात, म्हणजे बोलीत फ्लो, म्हणजे शब्दांची लय, तयारच मिळतो. ऐकणाऱ्याला कुठला पोरगा बोलतोय हे नाव न सांगता कळलं पाहिजे.

२. बीट: सगळ्यात मोठा खड्डा इथंच आहे

यूट्यूबवर "फ्री बीट" लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा फक्त फुकट डाऊनलोड करायला फ्री असतं, पैसे कमवायला नाही. खाली डिस्क्रिप्शनमध्ये बारीक अक्षरात अटी असतात, त्या वाचा. माझं आधीचं एक गाणं ह्याच कारणानं खाली उतरलं, तीन महिन्यात जेवढे ऐकणारे जमले होते तेवढे गेले, आणि तक्रार करायला तोंड नव्हतं कारण चूक माझीच होती.

बीट विकत घेताना साधारण असे प्रकार असतात. लीज म्हणजे बीट भाड्यानं वापरणं. एमपी३ लीज सगळ्यात स्वस्त. वेव्ह लीज त्याच्यावर. मग स्टेमसकट लीज, म्हणजे किक, बेस, मेलडी सगळं वेगवेगळ्या फाईलीत मिळतं आणि मिक्स करणाऱ्याला (सगळे आवाज एकत्र बसवणाऱ्याला) त्यानंच खरी मदत होते. आणि शेवटी एक्सक्लुझिव्ह, म्हणजे त्यानंतर ती बीट दुसऱ्याला विकायची नाही. लीजमध्ये किती स्ट्रीमपर्यंत चालेल, व्हिडिओ काढता येईल का, किती वर्षं, ह्याच्या मर्यादा लिहिलेल्या असतात. लीजची बीट असेल तर यूट्यूबच्या कन्टेन्ट आयडीला (गाणं आपोआप ओळखून हक्काचा दावा, म्हणजे क्लेम, लावणारी यंत्रणा) ते गाणं टाकू नका, कारण तीच बीट अजून वीस जणांनी घेतलेली असते आणि तुमचं गाणं त्यांच्या गाण्यांवर क्लेम मारत सुटतं, आणि त्यांचं तुमच्यावर.

आम्ही शेवटी आपल्याच भागातल्या एका प्रोड्युसरकडनं नवी बीट करून घेतली, ९० बीपीएम, म्हणजे मिनिटाला ९० ठोके, आणि त्यात खरी हलगी वाजवून घेतली. गावच्या जत्रेत वाजवणाऱ्या काकांना बोलावलं, दोन तास वाजवलं त्यांनी. त्यांना रोख मानधन दिलं, क्रेडिटमध्ये नाव टाकलं आणि एका कागदावर सही घेतली. हलगी, संबळ, दिमडी हे आपल्या अंगणातले आवाज आहेत, ते सॅम्पल पॅकमध्ये शोधत बसायची गरज नाही. पण वाजवणाऱ्याला "ये रे जरा, वाजव" म्हणून फुकटात उरकू नका, त्याचं पोट त्याच्यावर आहे.

जुन्या गाण्याचा तुकडा घ्यायचा असेल तर हे समजून घ्या. जात्यावरची पारंपरिक ओवी कुणाच्या एकट्याच्या मालकीची नाही, तुमच्या आजीला म्हणायला लावून रेकॉर्ड करा, काही अडचण नाही. पण त्याच ओवीची कुठल्या कंपनीनं काढलेली रेकॉर्डिंग उचलली तर ती रेकॉर्डिंग कंपनीची असते. आणि कवी-शाहिरानं लिहिलेलं गाणं असेल तर आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क चालतो. भीमगीतं, लोकगीतं म्हणून आपण जे गातो त्यातली बरीचशी कुणीतरी लिहिलेली आहेत, त्या माणसाचं घर आहे, वारस आहेत. आधी विचारा.

३. हिस्सा लिहून घ्या, रेकॉर्डिंगच्या आधी

ही पायरी कुणीही सोडू नका, मी हात जोडून सांगतो.

आमच्यात झालं असं की हुक बीडच्या पोरीनं लिहिला, चालपण तिनंच लावली, आणि आम्ही तिघं व्हर्सवाले (व्हर्स म्हणजे प्रत्येकाचं रॅपचं कडवं) "आपण चौघं सारखेच" म्हणून गप्प बसलो. गाणं रेकॉर्ड झाल्यावर लोकांना पाठवलं तर जो तो हुकच गुणगुणायला लागला. मग ती म्हणाली, माझा हिस्सा जास्त पाहिजे. परभणीवाला म्हणाला, आधी का नाही बोललीस. तीन आठवडे ग्रुपवर कुणी कुणाशी बोललं नाही. तिचं बरोबर होतं, फक्त ते बोलायची जागा सुरुवातीला होती आणि आम्ही कुणी तो विषयच काढला नव्हता. मित्रांमध्ये पैशाचं कसं बोलायचं ह्या लाजेपायी मैत्रीच जाणार होती.

तर समजून घ्या, एका गाण्यात दोन वेगवेगळ्या मालमत्ता असतात. एक, गाणं म्हणजे शब्द आणि संगीत. दोन, ते रेकॉर्डिंग, ज्याला मास्टर म्हणतात. दोन्हीचे हिस्से वेगळे लिहायचे. आमचं शेवटी असं ठरलं: संगीत ५० टक्के प्रोड्युसरचं. उरलेले ५० टक्के शब्दांचे, त्यात तिघांना १२-१२ आणि हुकवालीला १४. मास्टर मात्र खर्च चौघांनी सारखा केला म्हणून २५-२५. तुमचं वेगळं असू शकतं, पण बेरीज १०० येते का ते बघा, आम्ही पहिल्यांदा लिहिलं तेव्हा १०४ आली होती.

अजून काय काय लिहायचं:

- नाव कुठल्या क्रमानं येणार आणि स्पेलिंग काय
- डिस्ट्रिब्युटरचं (गाणं स्पॉटिफाय वगैरेवर पोचवणाऱ्या कंपनीचं) खातं आणि यूट्यूब चॅनल कुणाचं, पासवर्ड कुणाकुणाकडं
- व्हिडिओचा खर्च आधी वळता करायचा का, आणि कुणाला
- कुणी मध्येच सोडून गेला तर त्याचा व्हर्स वापरायचा का नाही
- पुढं रिमिक्स करायचं, जाहिरातीला द्यायचं तर किती जणांची संमती लागणार

कायद्याचं थोडं. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. हक्क दुसऱ्याला द्यायचे असतील तर ते लेखीच लागतं, तोंडी चालत नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात आणि कुठल्या भागासाठी हे लिहिलं नसेल तर फक्त भारत. २०१२ च्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकाराला आधार दिलाय, रॉयल्टीतला तुमचा हक्काचा वाटा कायमचा सोडून देतो असं कुणी लिहून घेतलं तरी ते कायद्यात टिकत नाही. एखादं लेबल "पाच हजार घे आणि सही कर" म्हणालं तर ही गोष्ट लक्षात असू द्या आणि कागद वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.

स्टॅम्पवर करायचं असेल तर १०० चा स्टॅम्प आता विसरा, ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात तिथं ५०० चा लागतो. तहसीलबाहेरच्या टायपिंगवाल्याला भाडेकराराचा नमुना तोंडपाठ असतो, गाण्याचा नसतो, त्यामुळं मजकूर स्वतः टाईप करून न्या.

४. लिहिणं आणि लांबी

इथं साधं गणित करा. एक बार म्हणजे चार ठोके, तर ९० बीपीएमला १६ बार म्हणजे जवळपास ४३ सेकंद. चौघांनी १६-१६ बार घेतले तर नुसते व्हर्सच पावणेतीन मिनिटांच्या वर जातात, हुक धरून गाणं चार मिनिटं होतं आणि तिसऱ्या व्हर्सला माणूस निघून जातो. आम्ही १२ बारवर आलो, ३२ सेकंद प्रत्येकी, ८ बारचा हुक तीनदा, ४ बारची सुरुवात. एकूण ३ मिनिटं २३ सेकंद. चार बार कापताना प्रत्येकाला त्रास झाला, पण जे उरलं ते सगळं कामाचं होतं.

व्हर्स वाटून घ्या, नाहीतर चौघं एकच गोष्ट सांगतात. आमच्यात मी टँकर घेतला, परभणीवाल्यानं कापूस आणि कोरडी विहीर, नांदेडवाल्यानं गोदावरी दारात असून नळ कोरडा, आणि बीडच्या पोरीनं हुकच्या आधी ऊसतोड. तिच्याकडं नवरा-बायकोच्या जोडीला "एक कोयता" म्हणतात, माणसं मोजताना हत्यार मोजतात. ती ओळ तिनं म्हटली तेव्हा स्टुडिओत कुणी बोललं नाही.

शब्दांची जबाबदारी घ्या. राग असणारच, तो लिहा, पण एखाद्याचं नाव घेऊन आरोप करत असाल तर पुरावा पाहिजे, भारतीय न्याय संहितेत बदनामीचं कलम ३५६ आहे. २०२३ मध्ये आपल्याच भागातल्या एका रॅपरवर गाण्याच्या शब्दांवरनं गुन्हा दाखल झाला होता. घाबरून लिहू नका असं म्हणत नाही, उलट लिहाच, फक्त काय लिहितोय ते माहीत असू द्या. आणि जातीवरनं, बाईवरनं शिवी नको. भारुडं रचणाऱ्या एकनाथांचं पैठण आणि जनाबाईचं गंगाखेड आपल्याकडंच आहे, टोचून बोलायला शिवी लागत नाही हे आपल्या मातीत शेकडो वर्षं माहीत आहे.

५. वेगवेगळ्या गावांतनं रेकॉर्डिंग

प्रत्येकाला लातूरला बोलावणं परवडत नव्हतं म्हणून दोघांनी घरी रेकॉर्ड केलं. घरी करायचं असेल तर सगळ्यात आतली, रस्त्यापासून लांबची खोली घ्या, पंखा आणि फ्रीज बंद, माइकच्या मागं आणि बाजूला गोधड्या टांगा, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट असेल तर त्याच्यासमोर उभं राहिलात तरी आवाज छान बसतो. पहाटे चार ते सहा सगळ्यात शांत असतं, पण लाईटचं वेळापत्रक बघून ठेवा.

सगळ्यांनी एकच सेटिंग ठेवायची, ही आमची महागात पडलेली चूक. आम्ही ४८ किलोहर्ट्झवर (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने) होतो आणि परभणीवाल्याची फाईल ४४.१ ची आली, माझ्या सॉफ्टवेअरनं ती न विचारता ४८ धरून वाजवली, तर त्याचा आवाज बारीक आणि पळाल्यासारखा यायला लागला. आम्ही दोन दिवस त्यालाच म्हणत होतो तू घाई करतोस, परत म्हण. बिचाऱ्यानं अकरा टेक दिले, म्हणजे अकरा वेळा म्हटलं. चूक फाईलीची होती.

तर नियम असा: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह. बीटच्या अगदी शून्य सेकंदापासून फाईल एक्सपोर्ट करायची, तुमचा व्हर्स दोन मिनिटांनी येत असला तरी, म्हणजे मिक्सवाल्याला ती नुसती आणून लावली की जागेवर बसते. रिव्हर्ब (आवाज घुमवणारा इफेक्ट), ऑटोट्यून (सूर दुरुस्त करणारा) काही नको, कोरडा आवाज. मुख्य टेक, डबल (त्याच ओळी परत म्हणून वर चढवलेल्या) आणि अ‍ॅडलिब (मधल्या आरोळ्या) वेगळ्या फाईलीत, नाव देताना गाव-व्हर्स-टेक असं. रेकॉर्ड करताना आवाज लाल दिव्यापर्यंत जाऊ देऊ नका, फाटलेला आवाज पुन्हा शिवता येत नाही. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ऑडिओ म्हणून पाठवू नका, दबून जातो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा नाहीतर ड्राईव्हवर टाका.

६. मिक्स आणि मास्टर

इथं मास्टर म्हणजे मिक्सला शेवटचा हात फिरवून केलेली तयार फाईल. इथं पैसे वाचवू नका. मिक्स आणि मास्टर धरून आमचे सात हजार गेले आणि ते वसूल झाले. आधीच विचारा किती वेळा बदल करून देणार, आम्हाला तीनदा सांगितलं होतं. चौघांनी वेगवेगळे निरोप पाठवू नका, एकानं सगळ्यांचं गोळा करून मिनिट-सेकंद लिहून पाठवायचं. प्रत्येकाला स्वतःचा आवाज कमी वाटतो, हे सगळीकडंच होतं.

मास्टर आल्यावर मोबाईलच्या स्पीकरवर, रिक्षात आणि स्वस्त इअरफोनवर ऐका, आपले ऐकणारे तिथंच आहेत. उगं लई लाऊड करायला लावू नका, स्पॉटिफाय तसंही सगळ्यांना उणे १४ लफ्सच्या (आवाज किती मोठा ते मोजायचं माप) आसपास आणून ठेवतं. आणि एकदम मागून घ्या: मुख्य मास्टर, शिवीशिवायचा मास्टर, इन्स्ट्रुमेंटल, नुसता आवाज आणि सगळे स्टेम. सहा महिन्यांनी कार्यक्रमाला इन्स्ट्रुमेंटल लागतं तेव्हा मिक्सवाल्याचा लॅपटॉप फॉरमॅट झालेला असतो.

७. व्हिडिओ: लोकेशन आणि परवानग्या

लोकेशन गाण्याच्या शब्दांतनं शोधा. आम्ही कोरडं नदीपात्र, टँकर, मोंढा आणि उसाचा फड एवढंच घेतलं. लातूरची गंजगोलाई घ्यायची फार इच्छा होती, पहाटे सहाला दुकानं बंद असताना पाऊण तासात घेतली, दिवसा तिथं उभं राहायलासुद्धा जागा नसते.

परवानगीचं थोडं सविस्तर सांगतो कारण ह्याच्यावर एक पूर्ण दिवस वाया गेलाय आमचा.

खाजगी शेत, वाडा, दुकान: मालकाची सही असलेला साधा कागद, तारीख आणि वेळ टाकून. "अरे घे की, आपलंच आहे" म्हणणारे काका शूटच्या दिवशी लग्नाला गेलेले असतात आणि त्यांचा भाऊ गेट उघडत नाही. आमचं नेमकं हेच झालं, आठ जणांचा डबा, भाड्याचा कॅमेरा, सगळं घेऊन परत यावं लागलं.

गाव, रस्ता, नदीपात्र: ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला अर्ज, आणि पोलीस ठाण्यात माहितीचं पत्र देऊन पोच घ्या. पोचेचा शिक्का असलेली झेरॉक्स खिशात असली की निम्मे प्रश्न तिथंच संपतात. धरणावर तर जलसंपदा विभागाला विचारल्याशिवाय जाऊच नका.

मोंढा: बाजार समितीच्या सचिवांना भेटा आणि सौद्याच्या वेळी जाऊ नका, शेतकऱ्याचा भाव चालू असताना मध्ये कॅमेरा लावणं बरोबर नाही.

बीबी का मकबरा, दौलताबादचा किल्ला, वेरूळ, अजिंठा: ही सगळी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडं आहेत. शूटिंगला आधी अर्ज, फी आणि कथेचा कागद लागतो. मोबाईलवर पटकन उरकू म्हणून गेलात तर ट्रायपॉड बघूनच अडवतात. बाकीच्या किल्ल्यांबाहेरपण संरक्षित स्मारकाचा बोर्ड असतो, केंद्राचा का राज्याचा ते वाचा आणि त्या ऑफिसला जा.

रेल्वे: रुळावर चालत रॅप करायचा शॉट प्रत्येकाच्या डोक्यात असतो, आमच्या तर गाण्यातच पाण्याची रेल्वे होती. नका करू. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड आहे, आणि त्यापेक्षा जीव मोठा. आम्ही गेटबाहेर रस्त्यावर उभं राहून जाणारी गाडी मागं घेतली, शॉट तेवढाच चांगला आला.

ड्रोन: लग्नवाल्याचा ड्रोन घ्या हरकत नाही, पण त्याच्याकडं ड्रोनचा यूआयएन, म्हणजे नोंदणीचा नंबर, आणि उडवणाऱ्याचं रिमोट पायलट सर्टिफिकेट आहे का विचारा. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो धरतात, त्याच्यावर २ किलोपर्यंत मायक्रो, आणि मायक्रो धंद्यासाठी उडवायचा तर सर्टिफिकेट लागतंच. ग्रीन झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत चालतं. चिकलठाणा, नांदेड, लातूर तिन्हीकडं विमानतळ आहे आणि त्याच्यापासून १२ किलोमीटरपर्यंत नियम वेगळे आहेत, सरकारच्या डिजिटल स्काय साइटच्या नकाशावर आपली जागा बघूनच जा.

आणि हत्यारं. खोटी पिस्तूल, तलवार नकोच, रील व्हायरल झाली की पोलीस घरी येतात. आम्हाला कोयता दाखवायचाच होता, मग तो फडातच, ऊस तोडतानाच दाखवला, ज्या मावशी तोडत होत्या त्यांना विचारून आणि त्यांची त्या दिवसाची मजुरी देऊन.

८. शूटचा दिवस

फेब्रुवारीच्या आत शूट उरका. एप्रिल-मे मध्ये सकाळी दहानंतर कॅमेरापण तापतो आणि माणूसपण. पहाटे साडेपाच ते साडेनऊ आणि संध्याकाळी चारनंतर, मधल्या वेळात जेवण आणि झोप.

आपल्याकडं लाईट ५० हर्ट्झची, म्हणून कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेमवर आणि शटर १/५० वर ठेवा. ३० फ्रेम आणि भलत्याच शटरवर ठेवलं की ट्यूबलाईटखाली चित्र फडफडतं आणि ते एडिटला नीट निघत नाही.

लिपसिंकला (गाण्यावर ओठ जुळवायला) मोठा स्पीकर लावा आणि फायनल मास्टरच वाजवा, रफ मिक्स नाही. स्लो मोशनमध्ये ओठ जुळवायचे असतील तर ५० फ्रेमला शूट करायचं आणि गाणं दुप्पट वेगानं वाजवून त्यावर रॅप करायचं, मग २५ वर वाजवलं की हालचाल संथ आणि ओठ बरोबर. दुप्पट वेगात रॅप करणं अवघड आहे, आठवडाभर आधी सराव करा. प्रत्येकाचा पूर्ण व्हर्स किमान तीन ठिकाणी पूर्ण घ्या, तुकडे घेत बसलात तर एडिटला काहीतरी कमी पडतंच.

घरी जायच्या आधी तिथंच कार्ड दोन्ही हार्ड डिस्कवर उतरवा. एक डिस्क एकाच्या घरी, दुसरी दुसऱ्याच्या.

९. रिलीज

स्पॉटिफाय, अ‍ॅपल म्युझिक वगैरेवर स्वतः थेट टाकता येत नाही, डिस्ट्रिब्युटर लागतो. डिस्ट्रोकिड, ट्यूनकोअर असे बरेच आहेत. कुणी वर्षाचे पैसे घेतं, कुणी कमाईतनं टक्के कापतं. वर्षाचे पैसे भरणं थांबवलं तर गाणं खाली उतरतं का, हा प्रश्न आधी विचारा. आणि हिस्सा थेट चौघांच्या खात्यात वाटायची सोय आहे का तेपण बघा, नाहीतर आयुष्यभर एकाला तिघांचे पैसे पाठवत बसावं लागतं.

फॉर्म भरताना शांत बसून भरा. कव्हर ३००० बाय ३००० पिक्सेल, त्यावर फोन नंबर, इन्स्टाचं नाव, दुसऱ्याचा लोगो नको, परत पाठवतात. भाषा मराठी निवडा. शिवी असेल तर एक्स्प्लिसिटची खूण करा. कलाकाराच्या नावात आधीचं प्रोफाइल निवडताना बघा, आमचा नांदेडवाला भलत्याच देशातल्या त्याच नावाच्या गायकाच्या पानावर जाऊन बसला होता, काढायला दोन आठवडे लागले. आयएसआरसी हा गाण्याचा १२ अक्षरी-आकडी नंबर डिस्ट्रिब्युटर देतो, तो करारावर लिहून ठेवा. व्हिडिओचा वेगळा असतो.

तारीख निदान चार आठवडे पुढची द्या. स्पॉटिफायच्या एडिटरला गाणं सुचवायचं तर ते रिलीजच्या किमान सात दिवस आधी करावं लागतं, बाहेर आल्यावर ते दार बंद होतं. सणाची तारीख बघा, पण पोळा, गणपतीत सगळेच गाणी काढतात, आम्ही मुद्दाम मार्चमध्ये, पाणी आटायला लागतं तेव्हा काढलं.

बीट एक्सक्लुझिव्ह असेल आणि कन्टेन्ट आयडी लावला असेल तर व्हिडिओ टाकायच्या आधी आपलंच चॅनल व्हाईटलिस्ट करून (क्लेममधनं वगळून) घ्या, नाहीतर आपल्याच व्हिडिओवर आपल्याच गाण्याचा क्लेम येतो.

१०. पैसे यायची व्यवस्था

लगेच पैसे येतील असं धरून चालू नका, पण वाट मोकळी करून ठेवा. गीतकार-संगीतकारांसाठी आयपीआरएस आहे, १९६९ पासूनची, त्यांची रॉयल्टी गोळा करून वाटणारी संस्था, शब्द किंवा संगीत तुमचं असेल तर सभासद व्हा आणि गाणं हिश्श्याच्या टक्क्यांसकट नोंदवा. इथं तिसऱ्या पायरीचा कागद कामाला येतो, चौघांनी टक्के वेगवेगळे भरले तर पैसे अडकून राहतात.

यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळायला १००० सबस्क्रायबर आणि वर्षात ४००० तास बघितलं गेलेलं लागतं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यू. त्याच्यानंतर अमेरिकेच्या टॅक्सचा फॉर्म भरावा लागतो, घाबरू नका, पॅन नंबर टाकून भारताच्या कराराचा पर्याय निवडला की अमेरिकेतल्या व्ह्यूजच्या कमाईवर १५ टक्के कापतात. फॉर्म न भरता सोडला तर जगभरच्या कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतात.

कमाई १० डॉलरला पोचली की यूट्यूबचे पैसे देणाऱ्या अ‍ॅडसेन्सचा पिन साध्या टपालानं घरी येतो आणि तो टाकल्याशिवाय पैसे पुढं सरकत नाहीत. आपल्याकडच्या पत्त्यांची गंमत माहीतच आहे, "मारुती मंदिरामागं" एवढंच असतं. पत्त्यात गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा, पिनकोड आणि वडिलांचं नाव टाका, आणि पोस्टमन काकांना आधी जाऊन सांगून ठेवा की असं इंग्रजी पाकीट येणारे. आमचं पहिलं पाकीट हरवलं, दुसरं मागवलं, ते मी रोज पोस्टात जाऊन विचारत होतो म्हणून मिळालं.